देवरावांचा पहिला डिसेंबर

आमच्या इमारतीत वर्षाचे तीन ऋतू असतात: उन्हाळा, पावसाळा आणि अधिवेशन. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आहे, तेव्हा हे मी उगाच बोलत नाही. अमरावती रोडवर वाडीच्या जरा अलीकडे आत वळलं की आमची सोळा घरांची इमारत लागते. त्यातली बहुतेक घरं एकाच सरकारी खात्यातल्या माणसांची. कुणी वायरमन, कुणी प्लंबर, कुणी स्वयंपाकी, कुणी गाद्या-चादरींच्या भांडारावर. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, मुंबईहून अख्खं सरकार येऊन उतरतं, आणि सरकार झालं तरी त्याला झोपायला गादी, जेवायला ताट आणि अंघोळीला गरम पाणी लागतंच. हे सगळं पुरवणारी माणसं आमच्याकडे राहतात. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या जिन्यावर पुरुषाची चप्पल दिसत नाही.

तळमजल्यावरचे देवराव लांजेवार हे गरम पाण्याचे. एका मोठ्या विश्रामगृहातले दोनशे चौदा गिझर त्यांच्या ताब्यात होते. वायरमन म्हणून लागले, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर शेवटपर्यंत गेला नाही. मुलाच्या, म्हणजे अश्विनच्या लग्नाच्या फोटोतही त्यांच्या कोटाच्या खिशातून टेस्टरचा पिवळा दांडा डोकावतो. लोक दसऱ्याला सोनं वाटतात, देवराव त्या दिवशी गिझरांची यादी काढून बसायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकेक गिझर उघडायचा, दिवाळीत फराळाची वाटी उभ्या उभ्या संपवायची, आणि डिसेंबर लागला की सकाळी सहाला जे घर सोडायचं ते घरची माणसं झोपल्यावर परत यायचं.

इमारतीत पहिला फोन माझ्याकडे आला होता. अधिवेशनाच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या ठोक्याला तो वाजायचा आणि पलीकडून देवराव म्हणायचे, "बाई, पुष्पाले सांगा, मले उशीर होईल. जेवून घे म्हणा, वाट पाहू नको." मी दोन जिने उतरून त्यांच्या बायकोला, पुष्पलताला, हा निरोप सांगायची. ती "बरं" म्हणायची आणि मी पुन्हा दोन जिने चढायची. सात-आठ वर्षं मी हे केलं. मग घरोघरी मोबाइल आले आणि माझे गुडघे सुटले.

यंदा जूनअखेर देवराव निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर झालं. आठवड्याभरात ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, मी सण पाहिलेच नाही आजपर्यंत. आता एकेक करून पाहतो." बोलून थांबणारे ते नव्हेत. त्यांनी एका कागदावर यादी केली: दसरा, कोजागिरी, दिवाळी, संत्र्याचा बहार, नाताळच्या चांदण्या, एकतीस डिसेंबर. कागद फ्रिजवर चिकटवला आणि झालेल्या सणापुढे खूण करायला लागले. खात्याची सवय, दुसरं काय. कोजागिरीला त्यांनी गच्चीवर एवढे दिवे लावले की चंद्र कुठे आहे हे मला विचारावं लागलं. दिवाळीत सोळाही घरांचे आकाशकंदील त्यांनीच टांगले आणि कुणाच्या घरी अर्थिंग नाही हे भर फराळात सांगत फिरले. पुष्पलता गप्प बसून हे बघत होती. नवरा घरात नवा असला की बायका काही दिवस त्याला सूट देतात.

यादीत एक ओळ मात्र नव्हती. ती त्यांनी मला येऊन कानात सांगावी तशी सांगितली. चौदा डिसेंबर हा दोघांच्या लग्नाचा वाढदिवस. लग्न झालं तेव्हा देवरावांना नोकरी नव्हती, म्हणून डिसेंबरातला मुहूर्त चालला. पुढल्या वर्षी नोकरी लागली आणि त्यानंतर बत्तीस वर्षांत चौदा डिसेंबरला हा माणूस एकदाही घरी जेवला नाही. कोरोनाची दोन वर्षं अधिवेशन नागपुरात झालंच नाही, पण तेव्हा विश्रामगृहात रोगी ठेवले होते आणि देवराव तिकडेच मुक्कामाला होते.

"बाई, पचमढीले डिसेंबरात थंडी किती राहते?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा अंशांपर्यंत जाते. का हो?"

"तेरा, चौदा, पंधरा, तीन दिवस खोली घेतली. पुष्पाले सांगू नका. पाडव्याले ओवाळलं की तबकात कागद ठेवतो."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी कॅलेंडरकडे बघितलंच नाही असं दाखवलं. चौदा तारीख यंदा रविवारी होती, आणि तो नुसता रविवार नव्हता. तो रोडग्यांचा रविवार होता. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी बोलले नाही. दुसऱ्याच्या घरातल्या वायरींना मी हात लावत नाही.

आता रोडग्यांचं सांगायला हवं. अधिवेशन सुरू झालं की पहिल्या रविवारी आमदार आपापल्या गावी जातात, खोल्या रिकाम्या होतात, आणि म्हणून दुरुस्तीची सगळी कामं त्याच दिवशी निघतात. म्हणजे रविवार असून आमच्या इमारतीतले पुरुष त्या दिवशी सगळ्यात जास्त राबतात. गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं त्याच रविवारी इमारतीतल्या बायका वाडीहून टेम्पो ठरवतात आणि गोंडखैरीच्या पुढे शोभाताईंच्या भावाच्या शेतावर जातात. शोभाताई दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांचे यजमान विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात आहेत. शेतावर रोडगे करायचे, म्हणजे जाडसर कणकेचे थरावर थर लावून मुठीएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. मग फडक्यात घोळून राख झाडायची, फोडायचे, त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. कोरोनाची वर्षं सोडली तर यात खंड नाही.

याला नियम एकच: जिचा नवरा अधिवेशनाच्या ड्युटीवर, तीच टेम्पोत बसणार. नियम शोभाताईंचा. ज्या दिवशी सगळ्यांचीच घरं रिकामी, त्या दिवशी कुणाला घाईने परत जायचं नसतं, हे त्यामागचं कारण. नवरा निवृत्त झाला की त्या बाईला खण-नारळ देऊन निरोप द्यायचा. तीन वर्षांपूर्वी इमारतीतल्याच प्रेमिलाला असाच दिला, तेव्हा ती नारळ हातात धरून बराच वेळ उभी होती. माझं लग्नच झालेलं नाही, तरी मला घेतात. "बाईचा नवरा कायमचा ड्युटीवर आहे," असं शोभाताई म्हणतात. मी हसते, कारण शेतावरचं वांगं चांगलं असतं.

देवरावांना रोडग्यांचा पत्ताच नव्हता असं नाही. बायका डिसेंबरात कुठेतरी जाऊन काहीतरी खातात, एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठे, कधी, केव्हापासून, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

पाडव्याला कागद तबकात पडला. काय झालं ते पुष्पलतानेच मला दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द सांगितलं. तिने कागद वाचला, त्यावरचं कुंकू झटकलं आणि म्हणाली, "चौदाले मले नाही जमत."

"काहून?"

"रोडगे आहेत आमचे."

"रोडगे पुढच्या रविवारी करा ना. आपलं लग्न आहे वं त्या दिवशी."

"तुमचं अधिवेशन सरकवलं होतं का कोणी, आपलं लग्न आहे म्हणून?"

पुढे महिनाभर त्या घरात अबोला नव्हता, पण बोलणं कोरडं होतं. भाजी काय, दूध आलं का, अश्विनचा पुण्याहून फोन आला होता का, एवढंच. फ्रिजवरच्या यादीत संत्र्यापुढे खूण झाली. पिशवीभर संत्री आणून देवराव एकटेच बाल्कनीत सोलत बसायचे आणि बिया मोजल्यासारख्या कठड्यावर मांडायचे.

डिसेंबर लागला तसा त्यांनी खात्यातला मार्ग धरला. अडचण आली की वरच्या अधिकाऱ्याला भेटायचं. रोडग्यांच्या अधिकारी शोभाताई, म्हणून ते त्यांच्याकडे गेले. मी तिथे मेथी निवडत बसले होते. तारीख एका आठवड्याने पुढे नेता येईल का, असं त्यांनी दारातच उभं राहून विचारलं.

"भाऊ, तारीख कायले बदलवायची?" शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही घरी आले, म्हणजे पुष्पाचं नाव यंदा तसंही कटलं. नियम आहे आमचा. खण-नारळ आणून ठेवला मी."

देवरावांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, काम झालं. ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. मला त्यांचा राग आला, आणि तो मी मेथीच्या काड्यांवर काढला. शोभाताईंचाही राग आला होता. त्यांच्या यजमानांचं एकच वर्ष उरलं आहे, तेव्हा पुढल्या डिसेंबरात हाच नारळ त्यांच्या ओटीत पडणार आहे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण नियम स्वतः केलेला असला की मोडायला जड जातो.

शोभाताई आपलं नाव गाळणार नाहीत असं पुष्पलता धरून चालली होती, पण तिने काही वाद घातला नाही. "बरं, चला मग पचमढीले," म्हणाली. त्याच संध्याकाळी ती वर आली आणि आपला चिमटा शोभाताईंच्या हातात देऊन गेली. हा चिमटा दीड हात लांब, लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला. रोडग्यांची आच पुष्पलता सांभाळायची. निखारा कधी पसरायचा, रोडगा कधी फिरवायचा, कधी काढायचा, हे ती सांगणार आणि बाकीच्या जणी, शोभाताईसुद्धा, ताटं घेऊन थांबणार. ती म्हणायची, "थांबा," की सगळ्या थांबायच्या. वर्षातला तो एक दिवस असा होता की वाट बघायचं काम दुसऱ्यांकडे असायचं.

दोन दिवसांनी देवराव माझ्याकडे आले. गिझर तपासायला आलो म्हणाले. गिझर ठीक होता.

"बाई, आमच्या सैपाकघरात खिळ्यावर एक लांब चिमटा राहे. तो दिसून नाही राहिला. कायचा होता तो?"

"एवढ्या वर्षांत आजच दिसला का?"

"मले वाटे, असाच आहे जुना."

मी वायरींना हात लावत नाही हे खरं. पण त्या दिवशी लावला. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अठ्ठ्याण्णव सालची चौदा डिसेंबर सांगितली. त्या संध्याकाळी सातला त्यांचा फोन आला, नेहमीचाच निरोप. मी खाली गेले तर अश्विन झोपलेला होता, आणि पाटासमोर दोन ताटं वाढून ठेवलेली होती. शेवयांची खीर, वडे, सगळं. मी म्हटलं, लांजेवार म्हणतात, जेवून घ्या. पुष्पलता बरं म्हणाली आणि तिने दोन्ही ताटं झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी तिच्याकडे डोकावले. दोन्ही ताटं तशीच झाकलेली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. ते मी शोभाताईंना सांगितलं. त्या आठवड्याच्या रविवारी शोभाताई तिला दंडाला धरून भावाच्या शेतावर घेऊन गेल्या. तेव्हा पहिल्यांदा रोडगे झाले. त्यानंतर पुष्पलताने चौदा तारखेला दोन ताटं वाढणं बंद केलं.

"मी आलो तं ती झोपून होती त्या दिवशी," देवराव म्हणाले. "मी सैपाकघरात गेलोच नाही. कँटीनमध्ये जेवलो होतो."

"असाल."

"मले कधी बोलली नाही ती."

"तुम्ही विचारलंत का?"

ते उठले आणि धड चालणारा गिझर उघडून त्याचे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट केले. मी त्यांना करू दिलं. जाताना चहाही घेतला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पुष्पलता माझ्या दारात उभी राहिली. पचमढीची बॅग भरून झाली होती, सकाळी निघायचं होतं.

"बाई, ह्यायले रविवारी ड्युटी लागली."

"कुणाला?"

"ह्यायलेच. सौरवचा फोन आला होता म्हणतात." सौरव म्हणजे देवरावांच्या जागी आलेला नवा पोरगा. "गिझर बंद पडून राहिले, त्याच्या हातून होत नाही म्हणे. पचमढीही रद्द केली. रिटायर माणसाले ड्युटी लावते का कोणी?"

"सरकार आहे. काहीही लावेल," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं सफाईने बोलते असा माझा समज होता, तो तेव्हा गेला. आम्ही दोघी मिळून शोभाताईंकडे गेलो. शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हाताची घडी घालून विचार केला.

"नियम काय आहे?" त्या शेवटी म्हणाल्या. "नवरा ड्युटीवर पाहिजे. त्याचा पगार सुरू आहे का बंद, हे नियमात नाही." आणि आत जाऊन त्यांनी चिमटा आणून दिला.

रविवारी सकाळी सहाला मी बाल्कनीतून बघितलं. तपकिरी स्वेटर, माकडटोपी, खांद्याला जुनी पिशवी, असे देवराव धुक्यातून बसथांब्याकडे चालले होते. पुष्पलता दारात उभी होती. डबा देऊ का, असं तिने विचारलं असावं, कारण त्यांनी हातानेच नको म्हटलं.

आठला आमचा टेम्पो निघाला. आम्ही सहा जणी, परात, वांगी, तुपाची बरणी आणि गोवऱ्यांचं पोतं. वाडीची गोदामं मागे पडली तशी पुष्पलताने मला सुपारी द्यायला पर्स उघडली. आत पिवळ्या दांड्याचा टेस्टर होता. मी तो बघितला आणि मी बघितला हे तिने बघितलं.

"फ्रिजवर राहिला," ती म्हणाली. "बत्तीस वर्षांत कधी राहिला नाही." आणि तिने पर्स बंद केली.

शेतावर सगळं नेहमीसारखं झालं. ऊन चांगलं पडलं होतं, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. पुष्पलता पदर खोचून आगीपाशी बसली आणि आम्ही तिच्या हुकमाची वाट बघत उभ्या राहिलो. दुपारी शोभाताईंना यजमानांचा फोन आला. बोलणं झाल्यावर त्यांनी मला विहिरीपाशी नेलं.

"देवराव तिकडं आलेच नाही म्हणतात हे. सौरवले विचारलं, त्यानं फोनही नव्हता केला."

"मग?"

"मग काही नाही. बोलू नका कोणाजवळ." त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच मोबाइल पुन्हा कानाला. "प्रेमिला, मी बोलून राहिली. तुह्या नवऱ्याले आत्ताच सांगून ठेव, पुढच्या वर्षी त्याले ड्युटी लागते म्हणा."

देवराव कुठे होते ते पुढे त्यांनीच सांगितलं. ते बसने सीताबर्डीला उतरले. मेट्रोत बसून एका टोकाला गेले, परत आले, मग दुसऱ्या टोकाला गेले. वरून त्यांनी गावातली झाडं बघितली. बाजारात नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या त्या बघितल्या, एका बाकावर बसून संत्री खाल्ली, उन्हात डुलकी काढली. डिसेंबरातलं नागपूर दिवसाउजेडी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खूप सुंदर दिसते बाई, असं ते मला म्हणाले. पण यादीवर खूण करायचं त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी रोडग्यांचा दुसरा घाणा जरा करपला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. पुष्पलता आगीकडे बघत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. करपलेले आम्ही वाटून खाल्ले. चांगले भाजलेले चार तिने फडक्यात बांधून डब्यात ठेवले, वर वेगळ्या वाटीत तूप.

साडेसहाला निघालो. वाडीला ट्रकांची रांग लागली होती, टेम्पो तिच्यात अडकला. पुढच्या मागच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली, तसं एकदम शांत झालं. सात वाजले आणि पुष्पलताचा मोबाइल वाजला. मी तिच्या शेजारीच बसले होते.

"पुष्पा, मले उशीर होईल," देवराव म्हणत होते. "जेवून घे. वाट पाहू नको."

मला तो आवाज फोनमधूनही ऐकू आला आणि खिडकीतूनही. रस्त्याच्या कडेला गोदामाच्या भिंतीशी चहाची टपरी होती. तिच्या बाकावर, आमच्यापासून सात-आठ पावलांवर, तपकिरी स्वेटर आणि माकडटोपी घातलेला माणूस पाठ करून बसला होता. मांडीवर पिशवी, कानाला फोन. ड्युटीवरचा माणूस बायकोच्या आधी घरी पोचत नाही, म्हणून तो आमचा टेम्पो पुढे जायची वाट बघत होता.

शोभाताईंनीही बघितलं. "समोर पाहा वं साऱ्याजणी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. आम्ही समोर बघायला लागलो.

"कुठं आहा तुम्ही?" पुष्पलताने त्या पाठीकडे बघत विचारलं.

"ड्युटीवरच. दोन गिझर राहिले अजून."

"बरं," ती म्हणाली. तेच बरं. माझ्या ओळखीचं. तिने फोन ठेवला, डबा उचलला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, मले इथं उतरव."

ती उतरली आणि ट्रकांच्या मधून वाट काढत टपरीपाशी जाऊन उभी राहिली. साहेब अचानक समोर यावा तसे देवराव ताडकन उठले. पिशवी खाली पडली.

"तू काहून उतरली?" ते म्हणाले. "वाट पाहू नको म्हटलं होतं ना तुले."

"वाट कुठं पाहिली? मीच आली."

तिने पर्स उघडून टेस्टर काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला. मग ती बाकावर बसली, डब्याचं झाकण काढलं आणि झाकणात एक रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं. तो त्यांच्यापुढे सरकवला, दुसरा स्वतः घेतला.

तो निरोप घेऊन मी सात-आठ वर्षं दोन जिने उतरले होते. त्याचं उत्तर घेऊन वर यायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. त्या संध्याकाळी पुष्पलता ते स्वतः घेऊन गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मी सकाळपासूनच्या धुरावर आळ घेतला. ट्रकांची रांग काही हलेना. टेम्पो आणखी दहा मिनिटं तिथेच उभा होता, आणि आम्ही पाचही जणी मुकाट्याने समोर बघत बसलो होतो.